खिडकी कुठे फोडायची

दिवाळीनंतर आमच्याकडे वरच्या मजल्याचं काम काढलं. काम म्हणजे फार मोठं नाही, एक खोली आणि तिला लागून बाथरूम, पोरगी पुण्याहून सुट्टीत आली की हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसते आणि मग टीव्हीच्या आवाजावरून तिचं आणि तिच्या बाबांचं वाजतं, म्हणून. भिंती उभ्या राहिल्या आणि एक दिवस मिस्त्री पूर्वेच्या भिंतीवर खडूने चौकोन आखून मला हाका मारतोय, "वहिनी, जरा वर या, खिडकी इथंच फोडू ना? हवा मस्त लागेल."

हवा लागणार यात शंकाच नव्हती. जळगावात ज्याने एक मे महिना काढलाय त्याला हवेची किंमत सांगावी लागत नाही. पण मी तिथे जाऊन खाली वाकून बघितलं तर सरळ शेजारच्या मावशींचं मागचं अंगण. धुण्याचा दगड, सिमेंटची टाकी, तारेवरचे कपडे, आणि कोपऱ्यात पत्रे उभे करून केलेली मोरी, जिला वरून काहीच नाही. मावशी सत्तरीच्या पुढच्या. दुपारी केस धुऊन परकरावर टॉवेल टाकून तिथे उन्हात बसतात. हे मला माहीत आहे कारण गच्चीवर पापड घालताना एकदोनदा दिसलंय आणि दिसलं की मी आपली मागे सरकलेय. आता खुर्ची टाकून बघायची सोय होणार होती.

आमच्या ह्यांचं म्हणणं एकदम साधं. आपली जागा, आपली भिंत, आपली खिडकी. "आणि कोण बसणार आहे तिथे बघत?" बरोबर आहे, कोणीच मुद्दाम बघत बसत नाही. पण मी मिस्त्रीला म्हटलं दोन दिवस थांबा, तोवर बाथरूमच्या टाइल्स करून घ्या. तो वैतागला, मजूर रोजावर असतात, त्याचंही खरंच आहे.

मी का थांबवलं ते सांगायचं तर मला भुसावळला जावं लागेल.

माझं माहेर भुसावळ. वडील रेल्वेत गार्ड, आणि आम्ही पंधरा बंगल्याच्या बाजूला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. क्वार्टरमध्ये तेव्हा अख्खा देश राहायचा, मद्रासी, बंगाली, अँग्लो इंडियन, यूपीवाले, आणि आमच्या शेजारच्या क्वार्टरला एक ज्यू कुटुंब. म्हणजे आम्हाला ते ज्यू वगैरे काही कळायचं नाही, आडनावाला शेवटी 'कर' होतं, घरात आपल्यासारखीच मराठी, काकू साडी नेसायच्या आणि गळ्यात मंगळसूत्र. फरक इतकाच की दाराच्या चौकटीला उजवीकडे तिरकी ठोकलेली एक छोटी नळी होती आणि येताजाता सगळे तिला बोट लावून बोटाचा मुका घ्यायचे. तिच्या आत त्यांच्या धर्मग्रंथातले उतारे लिहिलेली चामड्याची गुंडाळी असते हे मला फार नंतर कळलं, तेव्हा मला वाटायचं की आत थर्मामीटर आहे, भुसावळच्या उन्हाळ्यात ते वाटणं काही चुकीचं नाही.

हे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, मूळ कोकणातले, अलिबाग-पेणकडचे. तिथे त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवार हा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. इंग्रजांच्या काळात त्यातले बरेच जण पलटणीत, सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत शिरले, तसे हे रेल्वेतून आमच्या शेजारी. त्यांच्या प्रार्थनास्थळाला ते जुन्या बोलीत मशीद म्हणायचे, मुंबईतली त्यांची पहिली १७९६ सालची, आणि आपल्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं काका अभिमानाने सांगायचे, रेल्वेवाला माणूस, त्याला स्टेशनच्या नावाचं कौतुक असणारच.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काकू डोक्यावर पदर घेऊन काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावायच्या आणि लावला की दोन्ही हातांनी डोळे झाकायच्या. मी खिडकीतून बघायचे. लहान होते, कुणी रागावलं नाही. मग काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असायचं, त्यावर काका काहीतरी म्हणायचे आणि सगळे घोट घोट घ्यायचे. आम्ही शाकाहारी म्हणून आमच्या घरचं त्यांना चालायचं, आई कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पाठवायची आणि त्यांच्या नव्या वर्षाला तिकडून चिकाचा हलवा यायचा, गहू भिजवून चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटायचा. गाईम्हशीचं दूध का नाही तर म्हणे मटणाच्या जेवणात दूध चालत नाही.

आता ती गोष्ट. मी सातवीत असेन. माझ्या आईवडिलांचं त्या दिवशी जोरात भांडण चाललं होतं, पैशावरून, वडिलांनी आत्याच्या मुलाला घरात न विचारता पैसे दिले होते आणि आईच्या पाटल्या गहाण होत्या. आई रडत ओरडत होती, वडील ताटाला लाथ मारून उठले होते. मी दाराशी बाहेर तोंड करून उभी. आणि काकू हलव्याचं ताट घेऊन, वर क्रोशाचा रुमाल टाकलेला, आमच्या फाटकाशी आलेल्या मला दिसल्या. त्यांना आवाज गेला. कडीला लावलेला हात त्यांनी हळूच काढला, कडीचासुद्धा आवाज होऊ दिला नाही, आणि उलट्या पावली, खरंच उलट्या पावली, दोनचार पावलं मागे जाऊन मग वळल्या. त्यांनी मला बघितलं होतं की नाही माहीत नाही.

अर्ध्या तासाने परत आल्या. ह्या वेळी फाटकाची कडी दोनदा आपटली, रस्त्यावरूनच माझ्या नावाने हाक, "अगं आहे का कोणी घरात?", चपला फरशीवर घासत घासत. तोवर आईने तोंड धुतलं होतं. हलवा गार होऊन घट्ट बसला होता, काकू म्हणाल्या, आज उशीर झाला बाई मला घोटायला. आईला शेवटपर्यंत कळलं नाही की त्या आधी येऊन गेल्या होत्या. आणि ह्याच्या उलट, मागच्या क्वार्टरमधल्या एक बाई होत्या, त्या दुसऱ्याच दिवशी नळावर आईला म्हणाल्या, "काल काय वं झालं, फार आवाज येत होता?" ते वाक्य आई मरेपर्यंत विसरली नाही.

काका-काकू नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास मुलांसोबत इस्राएलला गेले. त्यांची मुलगी माझ्या वर्गातली, ती आता अश्दोदला असते, नर्स आहे. व्हॉट्सॅप आल्यापासून आमचं परत रोजचं चालू झालं आणि तिची मराठी अजून १९९० सालची आहे, माझ्या पोरीला ती ऐकायला फार आवडते. तर मी तिला खिडकीचं सहज सांगितलं, कडाप्पा किती महागलाय वगैरे बोलता बोलता. ती हसायलाच लागली. म्हणे, अगं हा तर आमच्याकडे कायद्याचा विषय आहे, दोन हजार वर्षांपासून भांडतायत लोक ह्यावर.

मग तिने जे सांगितलं ते मला इतकं आवडलं की हे सगळं लिहायला घेतलंय. त्यांच्याकडे मिश्ना म्हणून जो जुना कायदेसंग्रह आहे, साधारण इसवी सन २०० च्या सुमाराचा, त्यात लिहिलंय की सामाईक अंगणात शेजाऱ्याच्या दारासमोर दार काढू नये आणि खिडकीसमोर खिडकी काढू नये. आधीची लहान असेल तर मोठी करू नये, एक असेल तर तिच्या दोन करू नयेत. रस्त्याच्या बाजूला मात्र काढा, तिथे कुणी आपलं घर पसरून बसलेलं नसतं. नंतरच्या तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, विचारलंय की हे आलं कुठून, तर बलामाच्या गोष्टीतून. बलाम म्हणजे तो, ज्याला मवाबच्या राजाने इस्राएली लोकांना शाप द्यायला भाड्याने आणला होता. तो डोंगरावर उभा राहिला आणि खाली त्यांचे तंबू बघितले तर एकाही तंबूचं दार दुसऱ्याच्या दारासमोर नाही. शाप द्यायला आलेला माणूस म्हणून गेला की याकोबा (याकोब म्हणजे इस्राएली लोकांचा मूळ पुरुष) तुझे तंबू किती सुंदर आहेत. ते शब्द आजही त्यांच्या प्रार्थनास्थळात शिरताना म्हणतात. मला काय गंमत वाटली सांगू, तंबूंचं सौंदर्य म्हणजे कापड नाही, रंग नाही, दारांची दिशा!

आणि ह्याला त्यांच्याकडे नुकसान म्हणतात. पाहण्याने होणारं नुकसान. जसं तुमच्या म्हशीने माझं शेत खाल्लं तर नुकसान तसं तुमच्या नजरेने माझं अंगण खाल्लं तर तेही, आणि ते थांबवायला शेजाऱ्याला भिंत घालायला भाग पाडता येतं. कुणी बघितलंच पाहिजे असंही नाही. बघता येईल अशी सोय झाली की त्या घरातली बाई तिथे केस मोकळे सोडून बसणं बंद करते, ते झालं नुकसान. हे ऐकलं आणि मला मावशींचा टॉवेल आठवला.

त्याहून भारी गच्चीचं. आमच्या खान्देशात जुनी घरं धाब्याची, वर माती घातलेलं सपाट छत, उन्हाळ्यात रात्री सगळी गल्ली बाजा घेऊन वर, एका धाब्यावरून दुसऱ्यावर पोरं उड्या मारत जायची, कुणाकडे काय शिजलं, कुणाचं पोरगं रात्री किती वाजता आलं, सगळं आकाशाखाली. तिकडेही घरं तशीच सपाट छपराची होती. तर त्यांच्या धर्मग्रंथात आज्ञा आहे की गच्चीला कठडा बांधावा, कुणी पडून मरू नये म्हणून, आणि तो किती, तर दहा मुठी. साधारण अडीच फूट. आणि तालमूद म्हणतं की तुझ्या गच्चीवरून शेजाऱ्याच्या अंगणात दिसत असेल तर कठडा चार हात बांध. चार हात म्हणजे चोवीस मुठी, सहा फूट. पडू नये म्हणून दहा मुठी आणि बघू नये म्हणून चोवीस! मी ह्यांना हा हिशोब सांगितला, हे सिव्हिलवाले, म्हणाले, बाय लॉजमध्ये असं काही नाही. असो.

तिथेच कुठेतरी असंही आहे म्हणे की शेजाऱ्याचं पीक उभं असताना त्याच्या बांधावर उभं राहून बघत बसू नये, नजर लागते. हे तर आपल्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांना शिकवायलाच नको, घड निसवले की रस्त्याच्या कडेला काळं मडकं नाहीतर फाटकी चप्पल टांगलेली असतेच. फरक एवढाच की आपण शेतावर मडकं टांगतो आणि ते बघणाऱ्याला सांगतात तू तिथून हल.

ह्या सगळ्याला त्यांचा एक शब्द आहे, त्सनिउत. मर्यादा, शालीनता, झाकून राहणं, काहीही म्हणा, मला 'आब' सगळ्यात जवळचा वाटतो. मीखा नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकात देव माणसाकडून तीन गोष्टी मागतो, न्यायाने वाग, दया कर आणि देवाबरोबर आब राखून चाल, तिथे ह्याच धातूचा शब्द आहे. तिथे कपड्यांचा काही विषय नाही.

पण आज कुणालाही विचारा त्सनिउत म्हणजे काय तर उत्तर बाईच्या कपड्यांवर येतं. मैत्रीण ह्यावर जाम चिडते. कर्मठ लोकांत कोपराच्या खालपर्यंत बाही, गुडघ्याच्या खालपर्यंत स्कर्ट, लग्न झालं की केस झाकायचे, जेरुसलेमला मेआ शेआरिम म्हणून वस्ती आहे तिथे भिंतींवर मोठ्या अक्षरात पाट्याच आहेत की बायांनो नीट कपडे घालून या. हिच्या बहिणीची मुलगी अशा घरात दिली, ती केस झाकायला विग घालते. म्हणजे आपले केस झाकायला दुसरीचे केस, आणि ते आपल्यापेक्षा सुंदर! मी म्हटलं व माय, हा कुठला न्याय. आणि ते केस कुठून यायचे तर त्यातले कितीतरी आपल्या तिरुपतीहून. २००४ साली इस्राएलमधले मोठे रब्बी, म्हणजे धर्मपंडित, एल्याशिव यांनी निर्णय दिला की तिरुपतीला उतरवलेले केस म्हणजे दुसऱ्या देवाला वाहिलेली वस्तू, ती वापरता येणार नाही, तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि इस्राएलमध्ये लोकांनी रस्त्यावर विगांच्या होळ्या केल्या. कुठल्यातरी बाईने मुलगा वाचला म्हणून नवसाचं मुंडण केलं असेल, तिला काय पत्ता आपले केस कुठे जाऊन जळाले.

मी हसले खरी पण हसायचा हक्क मला कितपत आहे. माझी सासू चोपड्याकडची, पन्नास वर्षं सासऱ्यांसमोर पदर कपाळाच्या खाली. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिली पाच वर्षं मीही घेतला, भाकरी थापताना पदर चुलीत जायला नको म्हणून दातात धरायचा. आणि आमचे समस्त पुरुष उन्हाळ्यात ओट्यावर बनियन आणि पट्ट्याच्या चड्डीत पेपर वाचत, पोट खाजवत. त्यांना आब वगैरे काही लागू नाही.

इथे मैत्रिणीने एक मस्त गोष्ट काढली. त्यांचा जो आचारांचा मोठा ग्रंथ आहे शुलखान आरुख, योसेफ कारो यांचा, सोळाव्या शतकातला, त्यात अगदी सुरुवातीलाच आहे की सकाळी सदरा अंथरुणात बसून घालू नये, पांघरुणाच्या आत पडल्या पडल्याच हात घालावेत, म्हणजे उठेल तेव्हा अंग झाकलेलं असेल. आणि पुढे, मी आतल्या खोलीत एकटा आहे, मला कोण बघतंय, असं म्हणू नये. हे पुरुषांना सांगितलंय हो! मी ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे तेव्हा टॉवेलवर होते.

आणि किमखितची गोष्ट. ही बाई अशी की तिचे सात मुलगे एकामागून एक जेरुसलेमच्या जुन्या मंदिराचे मुख्य पुरोहित झाले. लोकांनी विचारलं, बाई तू असं काय पुण्य केलंस? ती म्हणाली, माझ्या घराच्या आढ्यानेसुद्धा कधी माझी वेणी पाहिली नाही. ही गोष्ट म्हणे पोरींना शाळेत आदर्श म्हणून सांगतात. पण गोष्ट तिथे संपत नाही, पुढची ओळ गाळतात. तालमुदातच शहाणे लोक तिला म्हणतात की असं पुष्कळ जणींनी केलं, त्यांना काही उपयोग झाला नाही. संपलं! त्याच पानावर. मला ते शहाणे लोक फार आवडले.

अजून एका बाबतीत मी गप्प झाले. आपल्याकडे 'कावळा शिवला' की बाई बाजूला, आणि बाजूला म्हणजे अख्ख्या गल्लीला दिसेल अशी बाजूला. माझ्या आजीच्या घरी चार दिवस वेगळं ताट, वेगळी गोधडी, पोस्टमन आला तरी त्याला कळायचं. त्यांच्यात नियम ह्याहून कडक, पाळी संपल्यावर आणखी सात दिवस मोजायचे, तोवर नवराबायकोने एकमेकांना शिवायचं नाही, कर्मठ घरांत हातातून हातात भांडंसुद्धा द्यायचं नाही, मग रात्र पडल्यावर पाण्याच्या कुंडात डुबकी घेऊन यायचं. पण स्वयंपाक बंद नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाला कळता कामा नये. डुबकीची रात्र कोणती हे झाकून ठेवायचं, दुसरी बाई तिथे भेटली तरी बाहेर बोलायचं नाही. नियम मला पटले असं नाही, मैत्रीण स्वतः पाळत नाही. पण आपल्याकडे ह्या गोष्टीची लाज बाईला वाटायला लावली आणि बोभाटा मात्र गल्लीभर केला, ही अक्कल कुणाची होती देव जाणे.

लग्नांचं बोलल्याशिवाय राहवत नाही. मागच्या वैशाखात नात्यातल्या एका लग्नाला गेलो, नाव-गाव राहू दे. स्टेजमागे एलईडी स्क्रीन आणि त्यावर प्री-वेडिंगचा व्हिडिओ, नवरा नवरी धबधब्यात, नवरा नवरी घोड्यावर, मग तिचं डोकं त्याच्या मांडीवर, आणि समोर पंगतीत आजोबा वरण-बट्टी कालवतायत, मान खाली घालून, इतकी खाली की मला वाटलं बट्टी फुटत नाहीये. त्यांना बघायचं नव्हतं पण दाखवलं जात होतं. शेजाऱ्याने खिडकी फोडली तर निदान आपण पडदा लावू शकतो, समोरच्याने स्वतःच्याच घराची भिंत पाडली तर तुम्ही तोंड कुठे फिरवणार?

आणि माईकवर आहेर! हे ज्याने खान्देशात लग्न बघितलंय त्याला माहीत आहे. "अमुक यांच्याकडून पाच हजार एक रुपये आहेर, आभारी आहोत. तमुक यांच्याकडून पाचशे एक." माझ्या आतेबहिणीच्या लग्नात वडिलांचे एक्कावन्न रुपये असे पुकारले होते, त्यांच्या आधीच्याचे पाचशे एक होते. पाटल्या गहाण होत्या तेच ते वर्ष. एक्कावन्न म्हटल्यावर पुकारणारा थांबला, कागद उलटून बघितला, शून्य राहिलं की काय म्हणून, आणि मग परत म्हणाला, एक्कावन्न. वडील उभे होते ते पाणी प्यायला म्हणून मांडवाबाहेर गेले.

हे मी मैत्रिणीला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग तिने जेरुसलेमच्या त्याच जुन्या मंदिरातल्या एका खोलीचं सांगितलं, तिला गुपचुपांची खोली म्हणायचे. ज्याला द्यायचंय तो आत जाऊन गुपचूप ठेवायचा, आणि चांगल्या घरचा पण हात तंग झालेला माणूस आत जाऊन गुपचूप घ्यायचा. कुणी ठेवलं, कुणी नेलं, कुणाला माहीत नाही. आणि वर्षातून दोन दिवस जेरुसलेमच्या पोरी पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यात नाचायला जायच्या तर प्रत्येकीने कपडे उसनेच घालायचे, राजाच्या मुलीनेसुद्धा मुख्य पुरोहिताच्या मुलीकडून उसने घ्यायचे, का तर जिच्याकडे नाहीत तिला लाज वाटू नये. सुतकाच्या घरी जेवण न्यायचं तर आधी श्रीमंत लोक चांदीच्या परडीत न्यायचे आणि गरीब सोललेल्या वेताच्या, मग ठरवलं की सगळ्यांनी वेताचीच परडी न्यायची. मयताचं कापडही तसंच. एक काळ असा आला होता की अंत्यविधीचा खर्च लोकांना मरणापेक्षा जड झाला, नातेवाईक मयत टाकून पळून जायचे, तेव्हा रब्बान गमलिएल म्हणून त्यांचे पुढारी होते त्यांनी स्वतःला साध्या लिननच्या कापडात पुरायला लावलं आणि मग सगळे तसंच करायला लागले. काका गेले तेव्हा त्यांनाही तसंच साधं पांढरं कापड, ज्याला खिसा नसतो. हे सांगताना तिचा आवाज जरा बसला, आणि मग म्हणाली, आई तुमच्याकडे हलवा घेऊन यायची ना, ताटावर तो रुमाल का असायचा माहितेय? किती आहे ते रस्त्यावर कुणाला दिसू नये म्हणून. कमी असला तर तिला लाज, जास्त असला तर ज्यांच्याकडे नाही पोचला त्यांना वाईट.

मी तिला उलट्या पावलांची गोष्ट सांगितली. तिला माहीत नव्हती. काकूंनी घरी जाऊनही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून सांगितलं, खिडकी सहा फुटांवर घ्या, आडवी करा, दीड फूट उंच आणि चार फूट लांब. तो म्हणाला, वहिनी, ही काय खिडकी आहे, हे व्हेंटिलेटर झालं. ह्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, चोवीस मुठी. पण केलं बिचाऱ्यांनी, एक शब्द जास्त बोलले नाहीत. हवा वरून तशीही येतेच, गरम हवा वरूनच बाहेर जाते असं आता तेच लोकांना समजावून सांगतात.

प्लास्टर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी कंपाउंडशी उभ्या. वर बोट दाखवून म्हणाल्या, "काय वं बाई, एवढ्या वर खिडकी? मी म्हटलं चला, आता दुपारची बसली की ही वरून हाक मारेल, दोन शब्द बोलू. दिवसभर भिंतींशी बोलते मी." मला काय बोलावं सुचेना. अश्दोदला फोन लावला तर तिकडे ही इतकी हसली की तिला खोकला लागला, म्हणे ह्याचं उत्तर मिश्नात नाही गं.

सध्या चार वाजता चहाची किटली घेऊन मीच खाली उतरते आणि मागच्या बाजूने जाते. त्यांच्या फाटकाची कडी आधी दोनदा आपटते, आणि मग मोजून जरा वेळ थांबते.